मोहाला बांधलेली केशरी फीत

त्या स्टेशनाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आधी एकदा लिहिलं होतं, नकाशासकट, आणि त्याचं पुढे काय झालं तेच सांगायला बसले आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जी छोटी लाईन जाते तिच्यावरचं ते एक लहानसं स्टेशन, एवढं पुरे. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. ज्यांना नाही त्यांनी कृपा करून मला फोन करू नये.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी दर रविवारी सकाळच्या गाडीने तिकडे जाऊ लागले. डबा, पाण्याची बाटली आणि डोक्याला गुंडाळायला एक दुपट्टा, एवढं सामान. गाडी साडेनऊच्या सुमारास पोचायची. स्टेशनामागून बैलगाडीची वाट निघते. आधी धानाची खाचरं, इकडच्या भाषेत बांध्या, लागतात, हिवाळ्यात त्यात लाखोरीची निळी फुलं असतात. मग सागाचं रान आणि पाऊण तासाने तलाव. तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, चढून डावीकडे वळलं की आंबागडचा डोंगर समोर येतो, वर किल्ल्याची भिंत दिसते. पाळीवरून पूर्ण वळसा घालायचा, सावलीत डबा खायचा आणि चारच्या गाडीने परत. तिथे धबधबा नाही, कठडा लावलेली जागा नाही, फोटोसाठी मुद्दाम रंगवलेलं काही नाही. माझ्या गुडघ्यांना आणि डोक्याला झेपेल असा तो एक दिवस होता.

पाळीच्या टोकाला मोहाचं एक मोठं झाड आहे, आणि त्या झाडाखाली मावशी बसायची. तिच्या घरचे तलावात जाळं टाकणारे. पावसाळ्यानंतर ती उकडलेले शिंगाडे टोपलीत घेऊन बसे, येणाऱ्याजाणाऱ्याला विके. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असावी. पहिल्या दिवशी मी तिला विचारलं, "मावशी, ही वाट कुठं जाते?" तर ती हसून म्हणाली, "वाट कोठी जात नाही बाई, आपल्यालेच जा लागते." तेव्हापासून आमचं जमलं. मी तिच्याजवळ बसून डबा खायची, ती मला शिंगाडे सोलून द्यायची. नातवंडांपासून दाढदुखीपर्यंत सगळ्या गोष्टी झाल्या आमच्या. ज्या झाडाखाली बसायचो त्या झाडाबद्दल मात्र मी तिला एका शब्दाने कधी विचारलं नाही. आणि उन्हाळ्यात मी जात नसे, कारण ऊन सोसत नाही. त्यामुळे त्या रानात मोहफुलांचा हंगाम कसा असतो हे मी पाहिलेलंच नव्हतं.

तरीही मी इंटरनेटवर लेख लिहिला. 'गाडीने जा, पायी फिरा, संध्याकाळी घरी या' अशा थाटाचा. कशाला लिहिला? आपल्याला काहीतरी सापडलंय हे चार लोकांना कळावं म्हणून, दुसरं काय. लोकांनी तो एकमेकांना पाठवला आणि आठवड्याभरात नागपूरच्या एका भटकंती ग्रुपच्या म्होरक्याचा फोन आला. चाळीस जण येणार होते. "मॅडम, तुम्ही फक्त आदल्या दिवशी वाट मार्क करून ठेवा, बाकी आम्ही बघतो." दोन दिवसांनी कुरियरने केशरी फितीचं एक बंडल घरी आलं. सोबत शिट्टी आणि टोपी. टोपी मी घातली, हे आज लिहितानाही लाज वाटते.

शनिवारी एकटीच गेले आणि फिती बांधत सुटले. सागाच्या रानात चार, बांधीच्या वळणावर एक. तलावाशी वाट फुटते तिथे लांबून दिसेल असं काहीतरी हवं होतं. मोहाचं झाड एकटं, ठळक, त्या दिवसांत पानं झडून गेलेलं. मी त्याच्या बुंध्याला छातीच्या उंचीवर दोन पदरी फीत बांधली आणि शाळेत झेंड्याच्या दोरीला मारायचे तशी पक्की गाठ मारली. मावशी दूर घाटावर कोणाची तरी जाळी वाळत घालत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी हात केला. तिनेही हात केला. मला वाटलं, ती खूश आहे.

रविवारी चाळीस जण आले, फिरले, फोटो काढून गेले. फिती नंतर काढायच्या असं ठरलं होतं. त्यांना वाटलं मी काढेन, मला वाटलं ते काढतील. मग ऊन चढलं आणि माझं जाणं बंद झालं.

पावसाळा लागल्यावर गेले तेव्हा झाडाखाली मावशी नव्हती. फीत होती. उन्हाने तिचा रंग उडाला होता, पण गाठ जशीच्या तशी. मी गावात तिच्या घरी गेले. ती ओसरीत बसली होती. पाणी दिलं, बसायला पोतं दिलं आणि सरळ विचारलं, "बाई, तुमी आल्याच नाही येचाले?"

"काय वेचायला?"

"फुलं. मोहाची. तुमी चिंधी बांधली होती न."

मग हळूहळू जे कळलं ते असं. त्या रानातली मोहाची झाडं कागदावर कोणाचीही असोत, गावात ती घरागणिक वाटलेली आहेत. पानझडीत, कळ्या दिसू लागल्या की ज्याला त्या साली फुलं वेचायची तो बुंध्याला चिंधी बांधतो, आणि आधी बांधेल त्याचं त्या सालचं झाड. चिंधी बांधलेल्या झाडाखालचं एक फूलही दुसरं कोणी उचलत नाही. भांडण नाही, पहारा नाही. पाळीवरचं झाड मावशीच्या सासूचं, सासूमागून तिचं. नवरा गेल्यावर तिची दोन्ही मुलं कामाला परगावी गेली. तलावातली मासेमारी आता तिच्याच्याने होत नाही. त्या झाडाची फुलं वाळवून, विकून ती स्वतःचं वर्ष काढत होती. त्या साली चिंधी बांधायला ती दोन दिवसांनी जाणार होती. मी तिच्या आधी बांधली.

"अवो, मग तुम्ही वेचायची होती ना मावशी!"

"चिंधी तुमची, अन् येचू मी?" ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी तिला चोरी करायला सांगतेय. "गावातले दोन-चार जन इचारत होते, बाई तं आली नाही, आमी येचतो. मी हात लावू नाही देल्ला. म्हनलं, येतीन. पेन्शनित झाल्या, असन काई अडचन. आपून होऊन बांधली म्हंजे गरज असनच. दोन हप्ते पडून राहिली फुलं. मंग अस्वलं येऊन खाऊन गेले."

माझी पेन्शन व्यवस्थित आहे. तुमसरला घर आहे. आणि ही बाई, स्वतःचं वर्ष झाडाखाली सडू देऊन, माझ्या नावाने माझा वाटा राखत बसली होती. ओसरीतून उठून पळून जावं असं झालं.

घरी येऊन त्या म्होरक्याला फोन लावला. सगळं सांगितलं. माझा आवाज चढला होता, त्याचा अजिबात चढला नाही. तो म्हणाला, "मॅडम, पण त्यांना अडवलं होतं का कोणी? खुशाल वेचायची होती की." तळपायाची आग मस्तकात गेली. अडवलं होतं का कोणी! म्हणजे हिने आपला शब्द मोडायचा, रीत मोडायची, कारण चाळीस माणसांना नाकासमोरची वाट दिसत नाही! मी म्हटलं, पुन्हा तिथे एकही फीत लावायची नाही. तो लगेच तयार झाला. "बरोबर आहे तुमचं, फिती टिकतही नाहीत. पुढच्या वेळी आपण ऑइलपेंटने बाण काढू." मी फोन ठेवला, नाहीतर तोंडातून शाळेत कधी न काढलेले शब्द निघाले असते. लेख दुसऱ्या दिवशी काढून टाकला. तोवर तो त्यांच्या पानावर चढला होता, आणि खाली माझ्या फितीचा फोटो: 'वाट दाखवणारा मोह.' काढा म्हणून तीनदा लिहिलं. आजही आहे.

पण माझा खरा राग त्याच्यावर नव्हता. मावशीला अजून खरं सांगितलं नव्हतं. माझी गरज होती, मी झाड मागितलं, मग मला जमलं नाही, असं तिला वाटत होतं, आणि त्यात निदान काही अर्थ होता. खरं सांगायचं म्हणजे ज्या चिंधीसाठी तिने सगळं सोडलं त्या चिंधीला काहीच अर्थ नव्हता हे सांगायचं. आठ दिवस मी मूग गिळून बसले. मग गेले आणि सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. मग अशी भडकली की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. "काईच नव्हतं? मंग बांधली काहून?"

"वाट सापडावी म्हणून."

"वाट तं पायाखाली हाये! झाड मांगतलं असतं तं देल्लं असतं मी. तुमाले पाहिजे होतं म्हून मी चुप राहिली. अन् तुमी म्हनता काईच नव्हतं!" ती हातातलं सूप आपटून आत गेली. मी ओसरीत उभी. शेजारणी बघत होत्या. बघू देत, म्हटलं.

बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि पुढचं सांगितलं. गेल्या साली झाडाला चिंधी माझी होती, म्हणून गावाच्या हिशेबी झाड आता माझं. ते तिला परत द्यायचं तर मलाच द्यावं लागेल. पुढच्या साली फुलांची पहिली पड होईल त्या दिवशी, दिवस निघायच्या आत, मी झाडाखाली हजर पाहिजे. पहिली ओंजळ मी वेचून तिच्या टोपलीत टाकली की झाड तिचं. दिवस वर आला आणि मी नसले तर झाड मोकळं, जो बांधेल त्याचं. "याल न?" तिने विचारलं. "येईन," मी म्हटलं. फीत मी त्याच दिवशी काढली. गाठ सुटेना, दातांनी सोडवली.

पुढचं वर्ष आलं. फाल्गुनात एका संध्याकाळी तिच्या शेजारणीच्या फोनवरून निरोप आला: कळ्या फुटल्या, आज रात्री पहिली पड होणार, दिवस निघायच्या आत या. तेव्हा साडेपाच वाजले होते. शेवटची एसटी साडेसहाला होती. मला जाता आलं असतं. पण घरी पाहुणे बसले होते, कणीक भिजवून झाली होती. आणि मनात खरं हेच होतं की मी काही परकी नाही, नियम झाला तरी माझ्यासाठी तीन-चार तास थांबतील लोक. सकाळी पहिली गाडी आहेच. त्या म्होरक्याला मी वर्षभर शिव्या घालत होते. त्या संध्याकाळी त्याच्यात आणि माझ्यात तसूभर फरक नव्हता.

सकाळच्या गाडीने गेले. नवी टोपली घेतली होती. गाडी वेळेवर पोचली, मी वाटेत कुठे थांबलेसुद्धा नाही, तरी पाळीवर चढले तेव्हा सव्वादहा झाले होते. मोहाच्या बुंध्याला लाल पातळाची एक पट्टी बांधली होती. झाडाखालची जमीन झाडून लख्ख केलेली, एकही फूल शिल्लक नव्हतं. गावातल्या एका नव्या जोडप्याने दिवस वर आल्यावर पट्टी बांधली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं. रीतीप्रमाणे बरोबरच केलं त्यांनी.

मावशी पाळीवर बसली होती. शेजारी तिची रिकामी टोपली. अंधार असतानाच येऊन बसली होती. मला नंतर कळलं, त्या दोघांना तिने हात जोडून थोपवून धरलं होतं. बाई येऊन राहिली, बाई येऊन राहिली, असं दिवस पुरता वर येईपर्यंत सांगत होती.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. चप्पल हातात घ्यावी आणि स्वतःच्याच तोंडात मारावी, असं वाटलं.

तिने वर पाहिलं. राग नव्हता आता. "सकाळच्या गाडीनं आल्या काय?"

"हो."

"मले वाटलंच," ती म्हणाली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, रिकामी टोपली काखेत मारली आणि घराकडे निघाली.