दुसऱ्याच्या तोंडचा विडा

खांबेटे अप्पांच्या दारात पाऊल टाकलं, की "या, बसा" कधी ऐकू यायचं नाही. "तोंड रिकामं आहे ना?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पानाचा डबा पुढ्यात ओढायचे.

बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आलेले अप्पा निवृत्तीनंतर तिथल्याच बेहाला भागात राहिले, आमच्या वरच्या मजल्यावर. एस्प्लनेडकडची जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालून त्यांनी डबे जमवले होते. एक घुमटासारख्या झाकणाचा, लखनवी. एक बिदरी, काळ्या अंगावर चांदीची वेलबुट्टी. आणि सगळ्यांत लाडका मुर्शिदाबादचा पितळी, झाकणावर मोरांची जोडी कोरलेला. "अप्पा, काचेच्या कपाटात किती शोभतील हे!" मी एकदा म्हटलं. अप्पा उखडलेच. "कपाटातला डबा म्हणजे हार घातलेला फोटो. डब्याला रोज चुना लागला पाहिजे, पोरी!" त्या नक्षीवरचे कातचुन्याचे डाग बघून माझा जीव मात्र हळहळायचा.

मग अप्पांच्या गालाचं ऑपरेशन झालं. पान कायमचं बंद. काकू आधीच गेलेल्या, मुलगा परदेशी. आता डबे विश्रांती घेतील असं वाटलं, पण छे! संध्याकाळी मोरांचा डबा उघडायचाच. विडा दुसऱ्याला करून द्यायचा आणि तो चावत असताना टक लावून बघायचं. "सुपारी कडक नाही ना? वेलची लागली?" दुसऱ्याच्या तोंडाने खायचे म्हणा ना.

पण खाणार कोण? मराठी मंडळी बदल्यांवर पांगली. शेजारच्या घोषदांनी कवळी दाखवून "आर पारी ना, अप्पा" म्हणत हात जोडले. एकदा जिन्यात भेटले तेव्हा अप्पा म्हणाले, "आज डबा उघडला नाही. कोणासाठी उघडू?" मला फार वाईट वाटलं. पान मला मुळीच आवडत नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून मेट्रोतून उतरले की आधी वर जायला लागले.

पुढे दुखणं उलटलं. अप्पांचे हात थरथरायला लागले. एका संध्याकाळी पानावर चुन्याचं बोट दोनदा फिरलं, मी बघत होते. विडा तोंडात घातला आणि जीभ पोळली.

"कसा झालाय?"

"फक्कड!"

"लबाड. डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

"चुन्याने आलंय, अप्पा."

"सगळंच?"

मी मान खाली घालून चावत राहिले. पुढे चार दिवस धड जेवता येईना. तोंड बरं होण्याआधीच अप्पा गेले.