सव्वापंचवीस इंचांचं पोलकं

साखरखेर्ड्याच्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. मुलींना सरकारी गणवेश मिळणार होता. निळ्या परकराची चिंता नव्हती, त्याला नाडी असते. पांढऱ्या पोलक्यासाठी मात्र मी चाळीस मुलींच्या छातीची मापं घेतली आणि दोन-दोन इंचांचे गट पाडून तक्ता पाठवला.

तालुक्याच्या साहेबांनी त्याची सरासरी काढली, सव्वापंचवीस इंच, आणि चिखलीच्या शिंप्याकडून चाळीसही पोलकी त्याच मापाची शिवून घेतली. बहुतेक मुली लहानखुऱ्या, चोवीसच्या आतल्या. त्यांच्या अंगावर ती लोंबायला लागली. उशिरा शाळेत आलेल्या मोठ्या मुली थोड्या, पण त्यांच्यामुळेच सरासरी वर चढलेली, आणि त्यांच्याच अंगात ती जाईनात.

चौथीतली एक मुलगी तेरा वर्षांची होती. धाकटी भावंडं सांभाळून उशिरा शाळेत आलेली. तिची आई म्हणाली, "बाई, हे पोलकं हाय का उशीची खोळ? पोरीनं हात वर केला की टरकते. घरीच ठेवतो तिले."

"थांबा जरा. परीक्षा तोंडावर आलीय. मी करते काहीतरी."

साहेब तपासणीला आले तेव्हा माझं डोकं तापलेलंच होतं. मी मापांचा विषय काढला.

"बाई, बेरीज मी दोनदा तपासली. चूक नाही."

"बेरीज बरोबरच आहे. पण यातली सव्वापंचवीसची मुलगी कोणती, तेवढी दाखवा."

मी पटांगणात खडूनं पाच चौकोन आखले, त्यांत छातीची मापं लिहिली आणि गटवार मुली उभ्या केल्या, एकीमागे एक. पहिली रांग पार फाटकापर्यंत गेली. दुसरी तिच्याहून आखूड. शेवटच्या तीन रांगांत तीन-चार, तीन-चार मुली. एकच माप चाळीस जणींना का लागत नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

साहेब म्हणाले, "रांगा छान लावल्यात."

मला त्यांच्या तोंडावर पट्टी फेकावीशी वाटली.

त्याच संध्याकाळी लहान मुलींच्या पोलक्यांतलं फाजील कापड काढून मी मोठ्या मुलींच्या पोलक्यांना काखेत कळ्या, म्हणजे तिकोनी जोड, लावल्या. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली नाही. पोलकं घेऊन मी घरी गेले.

आईनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "शिवलं चांगलं. पण बाई, जवान पोरीच्या छातीचं माप तुमी साऱ्या गावासमोर मांडलं. फाटकाशी बाप्ये उभे होते. हसत होते. साहेबाशी भांडाचं होतं तर भांडा ना! तिले काऊन उभं केलं?"

मुलगी आत भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

मी म्हटलं, "परीक्षेपुरती तरी पाठवा. मी स्वतः न्यायला येईन."

"आता नाही," आई म्हणाली.

तक्ता बरोबर, रांगा बरोबर, राग बरोबर. मी सरळ मोठ्या मुलींना वर्गात नेऊन, दार लावून, पोलकी उसवायला बसायला हवं होतं. चौथीच्या परीक्षेला ती बसली नाही.