तांदळातले नाव

सिंगापूर पाहून आलेल्या मंडळींनी आजवर मला जे सांगितले, त्यातील निम्मे चुकीचे आणि उरलेले अपुरे होते, हे आरंभीच नमूद करतो. कोणी म्हणाले, तिथे मातीच दिसत नाही. आमच्या कऱ्हाडच्या आळीतील एका निवृत्त मामलेदारांनी तर, "तिथे इतिहास नाही हो, नुसती दुकानं," असा निकालच देऊन टाकला होता. खसखशीविषयी मात्र कोणीही एक अक्षर बोलले नव्हते.

ती माहिती सूनबाईंनी, म्हणजे ऋताने, फोनवर दिली. तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळून घेण्याचे काम चालले होते.

"बाबा, लाडवांत खसखस अजिबात नको. इथे बंदी आहे तिच्यावर."

"खसखशीवाचून डिंकाचा लाडू होत नाही."

"मग ठरवा. बाळंतिणीला लाडू हवेत, की सासरे तुरुंगात हवेत?"

पाटबंधारे खात्यात मी उभी हयात कंत्राटदारांशी भांडण्यात घालवली. परंतु या युक्तिवादापुढे माझा इलाज चालला नाही. लाडू खसखशीविना वळले गेले आणि नातीचे तोंड पाहण्यासाठी मी प्रस्थान ठेवले.

विमान खाली येऊ लागले तेव्हा समुद्रभर नांगरलेली जहाजे दिसली. माझा मुलगा समीर पूर्वी अशाच जहाजांवर इंजिनीयर होता. आता तो बंदरातल्या कचेरीत बसतो. विमानतळावरून घरी जाताना एके ठिकाणी खोदकाम चालले होते. आत लालभडक माती होती, महाबळेश्वरच्या घाटात शोभेल अशी. मी ती समीरला मोटारीतूनच दाखवली. "बाबा, आल्या आल्या माती काय बघताय?" असे तो म्हणाला, परंतु मुद्दा निकालात निघाला होता.

समीरचे घर बुकित पंजांग या वसाहतीत, उंच इमारतीत आहे. दिवाणखान्यात छताला एक जाड स्प्रिंग टांगून तिला सारोंगची (मलय लोक नेसतात त्या लुंगीची) झोळी बांधली होती. शेजारच्या मलय बाईंनी ती आपणहून आणून दिली होती. आपला पाळणा आडवा झुलतो; हा वरखाली होतो. त्यात माझी नात झोपली होती. अद्याप तिला नाव नव्हते, आणि नोंदणीची मुदत जवळ आली होती.

माझ्या मनात नाव पक्के होते. माझ्या दिवंगत पत्नीचे. सौदामिनी.

"बाबा, नाव सुंदर आहे," ऋता म्हणाली. "पण इथल्या शाळेत त्याचं सोडा-मिनी होईल. छोटी बाटली."

"मग तुमचं काय म्हणणं?"

"मिया."

"मिया हा मांजरीचा आवाज आहे."

समीर मधे पडला. "आईचं नाव तिच्याबरोबर राहू दे ना, बाबा." या वाक्याचा मला जो राग आला, तो मी त्या दिवशी व्यक्त केला नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. तिचे नाव आता भिंतीवरच्या तसबिरीखाली तेवढे उरले होते, आणि तिथेच राहू द्यावे, असे तिचा मुलगा म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी वसाहतीतल्या वाचनालयात मला एक सूचना दिसली: स्कॉटलंडचा इतिहास आणि वंशशोध, शनिवारी दुपारी व्याख्यान, सर्वांना प्रवेश. ठिकाण बुकित तिमाहमधील एक सभागृह. आपल्या घराण्याची वंशावळ मला मुखोद्गत आहे. तेव्हा परक्या लोकांची या विषयातली तयारी तपासावी, अशा हेतूने मी निघालो.

वसाहतीतली छोटी आगगाडी वर्तुळात फिरते. मी उलट्या दिशेच्या गाडीत बसलो आणि सारी वसाहत पाहून मोठ्या स्थानकावर उतरलो. मी चुकलो, असे समीर अजूनही सांगतो. ते खरे नाही. मी प्रदक्षिणा केली.

व्याख्यात्या मॉराग नावाच्या वृद्ध स्कॉटिश बाई होत्या. निवृत्त शिक्षिका, केस पांढरे, आवाज खणखणीत. कित्येक वर्षे सिंगापुरात राहून इंग्रजीत इथला 'लाह' (आपल्या 'की'सारखा शब्द) सहज मिसळणाऱ्या. त्यांनी पडद्यावर एका थडग्याचे चित्र दाखवले. नवऱ्याच्या नावाखाली बायकोचे नाव होते, आणि आडनाव तिच्या माहेरचे. लग्नानंतरही दगडावर आणि दप्तरात बाईचे मूळ नाव टिकून राहते, म्हणून आम्हाला आज्या-पणज्या सापडतात, असे त्यांनी सांगितले. इथवर ठीक होते. पुढे त्या हसत म्हणाल्या, "पूर्वज इतके जपणारे लोक जगात दुसरे नसतील."

मी उभा राहिलो. इंग्रजीत माझी हरकत नोंदवली आणि वडिलांपासून आरंभ करून, कोकणातून घाट चढून आलेल्या मूळ पुरुषापर्यंत सारी नावे एका दमात म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. शेजारचे चिनी गृहस्थ म्हणाले, "अंकल चँपियन लाह!"

"उत्तम!" मॉरागबाई म्हणाल्या. "आता आयांची नावं."

"तीही आम्ही श्राद्धात घेतो. आई जानकी, आजी राधा, पणजी लक्ष्मी."

"ही नावं त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेली?"

"नाही. आमच्या घराण्यानं. लग्नात ताटात तांदूळ पसरतात. नवरा त्यात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो."

"आणि जुनं? तुमच्या आजीला तिची आई काय म्हणून हाक मारायची?"

मला ठाऊक नव्हते. पणजीचेही नव्हते. आईच्या माहेरच्या नावाविषयी दोन मते आहेत, आणि ती दोन्ही मला मान्य नाहीत.

बाईंच्या स्वरात विजय नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. त्यांना खरोखरच कुतूहल होते. त्यांनी विचारले, "नाव लिहून झाल्यावर त्या तांदळाचं काय करतात?"

"गोळा करतात," मी म्हणालो, आणि खाली बसलो.

मी हरलो, असे मात्र कोणी समजू नये. चहाच्या वेळी मी बाईंना गाठले. "तुमच्या दगडावरचं माहेरचं आडनावसुद्धा तिच्या बापाचंच आहे. पुरुषाचंच."

त्या म्हणाल्या, "खरं आहे. अर्धा गुण तुम्हाला." मग त्यांनी बशी पुढे केली. "शॉर्टब्रेड घ्या."

"ही नानकटाई आहे."

"आमच्या आजीची पाककृती आहे ही!"

"असेल. तरी ही नानकटाईच."

त्या मोठ्याने हसल्या. मग विचारले, "तुमच्या पत्नीचं जुनं नाव? तेही गेलं?"

"नाही. ते मला ठाऊक आहे."

"आणखी कुणाला?"

मी विचार केला. तिचे आईवडील नाहीत. भाऊही गेला. "कुणाला नाही."

"मग घाई करा," त्या म्हणाल्या.

परतताना स्थानकाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांत) मी कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कडक कॉफी, आणि काया टोस्ट घेतला. काया म्हणजे नारळाचा मुरंबा. त्यात अंडे असते, हे खाऊन झाल्यावर समजले. एरवी मी टपरीवाल्याशी वाद घातला असता. त्या दिवशी डोक्यात दुसरेच चालले होते. सौदामिनी हे नाव मी निवडले होते. पंगतीत सगळ्यांनी वाखाणले होते. तिच्या माहेरी मात्र, मुलांदेखत नसले तरी, तिला जुन्याच नावाने हाक मारत. शेवटच्या आजारात, समीर जहाजावर असताना, ती कोणाला ओ देईना. मी हाका मारून थकलो. मग तिचा भाऊ आला, उशाशी बसला आणि म्हणाला, "वेणू, ए वेणू." तिने डोळे उघडले.

घरी येताच मी समीरला समोर बसवले. "तुझ्या आईचं नाव काय?"

"हे काय विचारणं झालं? सौदामिनी."

"तुझी माहिती अपुरी आहे. तिचं नाव वेणू."

ऋताला हसू आवरेना. "बाबा, आमच्या रॅफल्स प्लेसच्या ऑफिसात वेणू आहे. हैदराबादचा. चांगल्या झुपकेदार मिशा आहेत त्याला."

"मिशा त्याच्या. नाव आपलं."

मग मी तिच्या भावाच्या हाकेची हकीकत सांगितली.  समीर म्हणाला, "वेणू. म्हणजे मामा 'वेणीमाधव' म्हणून चिडवायचा, ते यावरून? मला वाटायचं, ती लांब वेणी घालते म्हणून."

ऋताने लग्नानंतर आपले नाव बदललेले नाही. याविषयी मी पूर्वी पुष्कळ बोललो आहे आणि ते इथे पुन्हा लिहीत नाही. ती झोळीपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "वेणू." मग माझ्याकडे वळली. "मिशांचं मी बघून घेते. हेच ठेवू या."

बारशाला शेजारच्या मलय बाई आल्या, समीरचे दोघे जहाजी मित्र सहकुटुंब आले. मॉरागबाई शॉर्टब्रेडचा डबा घेऊन आल्या. मी त्या नानकटाया सर्वांना वाटल्या. बाळाची आत्या पुण्याला, फोनच्या पडद्यावर. पडद्यावरून कानात नाव सांगता येत नाही.

"बाबा, तुम्हीच सांगा," ऋता म्हणाली. "आईंना या नावानं मारलेली हाक आमच्यापैकी कुणी ऐकलेली नाही. कसं म्हणायचं, ते तुम्हालाच माहीत."

मी वाकलो. स्प्रिंगमुळे झोळी वरखाली होत होती. मलय बाईंनी ती धरून ठेवली. पत्नीला मी त्या नावाने आयुष्यात कधी हाक मारली नव्हती. तिच्या भावाने म्हटले तसेच, शेवटचा 'णू' थोडा लांबवून, मी ते नातीच्या कानात म्हटले. तिने एक जांभई दिली आणि ती पुन्हा झोपली.

कऱ्हाडला परतल्यावर मामलेदार भेटले. "काय, आहे का तिथे इतिहास?" मी म्हणालो, "आहे. आपल्याकडे कमी पडतो आहे." त्यांना ते पटले नाही. तो वाद चालू आहे.

मी मात्र थेट थोरल्या वहिनींकडे गेलो. आमच्या घराण्यात सून म्हणून आलेल्या, नाव बदललेल्या, आता त्याच उरल्या आहेत. अंगणात शेंगा निवडत होत्या.

"वहिनी, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?"

"कशाला हो भाऊजी? आता कोणाला हवंय ते?"

"मला."

त्यांनी सूप बाजूला ठेवले. "बनी," त्या पुटपुटल्या. मग पदराने तोंड पुसून, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भाऊजी, एकदा मोठ्यानं म्हणा बघू."

मी मोठ्याने म्हणालो.