चार फोटो बाकी असलेला रोल

तुमची पणजी, म्हणजे माझी आई, कशी दिसायची असं तुम्ही दोघांनी मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर विचारलंत. मी म्हटलं, फोटो आहे, पाठवते. मी खोटं बोलले नव्हते. फोटो होता, पण तो अजून कॅमेऱ्याच्या आतच होता.

हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल. तेव्हा फोटो लगेच दिसत नसे. एका रोलवर छत्तीस फोटो निघत आणि ते संपले की रोल शहरात धुवायला द्यायचा. अर्धवट रोल देणं म्हणजे उधळपट्टी. सणाला चार, बारशाला दोन, असा एक रोल आमच्याकडे वर्षभर पुरे. आईचे फोटो धरून बत्तीस झाले होते. ती वालूरहून आमच्याकडे सेलूला राहायला आली होती. एरवी कॅमेरा दिसला की पदर ओढून आत पळायची. "माझं थोबाड काय काढायलाव जावईबापू, म्हशीचं काढा, ती दूध तरी देती," असं तुमच्या आजोबांना म्हणायची. त्या दिवशी मात्र कशी कोण जाणे, बसली. एक सोडून तीन फोटो काढू दिले.

आजोबा म्हणाले, "उद्याच परभणीला रोल देऊन येतो."

मी म्हणाले, "चार बाकी आहेत. दिवाळीत भरतील."

दिवाळीच्या आत आई गेली. तिचा दुसरा एकही फोटो कुठे नव्हता. उरलेले चार कशाचे काढायचे ते आमचं ठरेना. पुढे मोबाइल आले, मग आजोबाही गेले. कॅमेरा कपाटात राहिला, आणि आईचा फोटो आपल्याकडे आहे, असं मी वीस-बावीस वर्षं मनाशी धरून बसले.

गेल्या आठवड्यात कॅमेरा घेऊन परभणीला गेले. जिथे आम्ही रोल द्यायचो तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. पुढच्या दुकानात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापणं चालू होतं. विचारलं तर एकजण म्हणाला, "रोल? मावशी, कोणत्या जमान्यातून आलाव?" दुसरा मान वर न करता म्हणाला, "आमच्या दुकानात ठिवा तो, लोक बघायला येतील." दोघं हसले. मी आयुष्यभर वर्गात इंग्रजी शिकवलं, असं हसणाऱ्यांना बाकावर उभं केलं. इथे मुकाट्याने पायऱ्या उतरले.

तिसऱ्या स्टुडिओची पाटी चकचकीत, वर 'गॅलरी' लिहिलेलं. आत भिंतभर नवरा-नवरी, मागे खोटे किल्ले आणि खोटा बर्फ. मालक तिशीतला, वागायला चांगला. कॅमेरा हातात घेऊन त्याने तो उलटासुलटा केला. "ह्याच्यात स्क्रीनच न्हाई," म्हणाला, आणि स्वतःच खजील झाला. मग त्याने एका जुन्या फोटोग्राफरचा पत्ता दिला. "चाचा अजून घरी धुत्यात. शौक हाय त्यांना. काम झालं का परत इकडं या, मोठा करून देतो."

चाचांच्या व्हरांड्यात लोकांनी न नेलेले फोटो लावलेले होते. कुंकू लावलेल्या, डोईवर ओढणी घेतलेल्या, कडेवर मूल धरलेल्या बाया. कुणाकुणाच्या आया तिथे खिळ्याला टांगलेल्या होत्या आणि त्या कुणालाच नको होत्या. मला त्या लोकांचा राग आला.

"रंग निघणार नाहीत, आपा. काळं-पांढरं निघालं तर निघालं," म्हणून चाचा कॅमेरा घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. तासाभराने ओली पट्टी चिमट्यात धरून बाहेर आले, उजेडाकडे धरली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच काळी होती, एकही चित्र नव्हतं.

"याला गर्मीत ठेवलं होतं का?"

"नाही. कपाटात होता."

"बारा महिने कपाटातच?"

तेव्हा कुठे मला कळलं. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर सगळ्याला ऊन दाखवतात: गाद्या, स्वेटर, वर्षाची तूरडाळ. कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीला बुरशी लागू नये म्हणून मी कॅमेराही तिथेच उन्हात ठेवत असे. दरवर्षी दोन दिवस, एकही वर्ष न चुकवता. सेलूचं ते ऊन. मी चाचांना सांगितलं.

त्यांनी पट्टी दोरीला अडकवली. "डाळीला कीड लागली नसंल मग," म्हणाले. ते मला टोचून बोलले की नुसतंच बोलले, माहीत नाही. मला टोचलं.

परतताना स्टुडिओवाल्याला निरोप द्यायला थांबले, तर तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मावशी. तुमी नुसतं सांगा, कॉम्प्युटरवर एआयनं बनवून देतो. नाक कसं होतं?"

सरळ, म्हणाले.

"कपाळ?"

रुंद. बहुतेक.

"डोळे तुमच्यासारखे?"

मला माहीत नव्हतं. फोटो आहे म्हणून इतक्या वर्षांत मी आईचा चेहरा कधी आठवून पाहिलाच नव्हता, आणि आता पाहायला गेले तर पदर आठवला, आवाज आठवला, मधे काही नव्हतं. त्याने बटणं दाबली. पडद्यावर एक देखणी, हसरी म्हातारी आली, सुरकुत्याही मापात.

"अशाच होत्या का?"

मी नको म्हटलं आणि उठले. तेव्हा फोटो पाठवत नाही. आई कशी दिसायची, ते मला सांगता येत नाही. रोज आठवून पाहते, पण आता डोळे मिटले की तीच पडद्यावरची बाई समोर येते.