वरची ओळ मोआलाची

बेटावरच्या पांगाईच्या धक्क्याला बोट मंगळवारी लागायची. त्या दिवशी फेलेती शेतावर जात नसे. त्याचा मित्र मोआला ऑकलंडला गेल्याला अकरा वर्षं झाली होती आणि दर वर्षी तो नाताळला येणार होता.

कधी लाकडाच्या कारखान्यात सुट्टी मिळाली नाही. कधी बायको आजारी. एकदा नुसतंच, 'यंदा जमत नाही.' फेलेती बोट रिकामी होईपर्यंत धक्क्यावर उभा राही आणि घरी येऊन म्हणे, "आज गर्दी फार होती."

कालिसी, त्याची बायको, झाडाच्या सालीचं कापड कुटत असे. ती वर न बघता टोमणा मारी, "म्हणजे तुझा नवरा आजपण आला नाही?"

फेलेती आणि मोआलाने वीस वर्षं कावा प्यायच्या बैठकीत शेजारी बसून गिटार वाजवली होती. गाणं मोआला पुढे न्यायचा, फेलेती खालून धरून ठेवायचा. मोआला गेल्यावरही फेलेती वाजवत राहिला. पण डावीकडची जागा तो कुणाला देत नसे. कुणी बसलंच तर म्हणे, "सरक बाबा, वारा अडतोय."

त्या ऑगस्टात मोआलाचं पाकीट आलं. आत एक मोठा कागद. त्यावर पाच-पाच रेघा आणि रेघांवर शेपटीवाले काळे ठिपके. सोबत चिठ्ठी होती. 'मी लिहिलंय, दोन गिटारींसाठी. वरची ओळ माझी, खालची तुझी. कुणाकडून ऐकून बसवू नकोस. वाचून बसव. बसली की कळव. मी येतो.'

वाचता आपल्याला येतं, असं फेलेतीला वाटलं. बेटावर सगळ्यांनाच येतं. चर्चमधली गाणी आकड्यांत लिहिलेली असतात. तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे, असं नऊपर्यंत. फेलेती चाळीस वर्षं त्या आकड्यांवर गात आला होता. मोआलाच्या कागदावरही ठिपक्यांशेजारी बारीक आकडे होते. ठिपके त्याने सोडून दिले. आकडे वाजवले.

एक आणि दोन कुठे असतात ते कळेना. साच्या खालचे असतील असं धरलं. शून्य आलं की थांबला. आठवड्याभरात खालची ओळ बसवून त्याने ती बैठकीत वाजवली. सगळे आपापल्या वाटीत बघत राहिले.

शेवटी म्हातारा सोआकाई म्हणाला, "हे मोआलाने लिहिलंय का त्याच्या कोंबडीने?"

"तिकडचं संगीत आहे."

"मग तिकडेच राहू दे."

आता लुसियाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती सुवा शहरात शिकून आली होती आणि मुलींच्या शाळेत संगीत शिकवायची. पण ती त्याच्या बहिणीची मुलगी. बेटाच्या रीतीत भाचीपुढे मामाचं काही चालत नाही. ती मागेल ते द्यायचं, सांगेल ते करायचं. म्हणूनच तो टाळत होता.

लुसियाने कागद पाहिला. मग त्याचं वाजवणं ऐकलं, पूर्ण, तोंडावर हात ठेवून.

"मामा, हे आकडे म्हणजे सूर नाहीत. बोटं आहेत."

"कुणाची?"

"तुझी. डाव्या हाताची. एक म्हणजे अंगठ्याशेजारचं, चार म्हणजे करंगळी. शून्य म्हणजे तार मोकळी सोडायची. सूर ठिपक्यात असतो."

"मग आठवडाभर मी वाजवलं काय?"

"बोटं मोजलीस."

शाळा सुटली की तो तिच्या ओसरीवर जाऊन बसू लागला. एकदा ऐकलेलं गाणं तो जन्मभर विसरत नसे, आणि इथे एका रेघेवर पहिलीतल्या पोरासारखा अडायचा. लुसिया कडक होती. कागदावर तो जे वाजवत असे त्यावरच ती तळहात ठेवायची.

"वाजवतोयस ते बघू नकोस. पुढचं बघ."

"पुढचं बघितलं की हे चुकतं."

"चुकू दे. थांबायचं नाही."

खरा त्रास कानाचा होता. चार सूर झाले की कान पुढचे चार आपणच ठरवायचा. मोआला इथे वर जाणार, इथे वळणार. बोटं तिकडे धावायची आणि ठिपके भलतीकडेच असायचे. या ठिपक्यांतला मोआला त्याच्या ओळखीचा नव्हता.

नोव्हेंबरात खालची ओळ सरळ आली. लुसियाने न सांगता चहा आणला. मग त्याने पहिल्यांदा वरची ओळ वाचायला घेतली, आणि दोन रेघांतच हसला.

"लबाड आहे. सगळं अवघड माझ्या गळ्यात घातलं. स्वतःला बघ, शून्य, एक, दोन. शून्य, एक, दोन."

लुसिया त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिने बोट ठेवून ओळ शेवटपर्यंत नेली. पुन्हा पहिल्यापासून नेली.

"यात तीन आणि चार कुठेच नाहीत, मामा."

"सोपं लिहिलंय ना."

"सोपं नाही हे. इथे बघ. दुसऱ्या बोटाला केवढी उडी मारायला लावलीय. करंगळी असती तर जागच्या जागी झालं असतं. कुणी मुद्दाम असं लिहीत नाही."

फेलेतीने त्या जागेकडे पाहिलं. मोआलाची करंगळी सगळ्या बेटाला माहीत होती. ती पोचायची तिथे दुसऱ्याचा हात पोचत नसे. पोरं मागे बसून नुसती ती करंगळी बघायची.

लाकडाचा कारखाना, तिथली करवत. अकरा वर्षांची पत्रं. त्यांत गिटारचा शब्द नव्हता. हे त्याच्या आज लक्षात आलं.

मग त्याने डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहातात दुमडलं.

"खालची तू म्हण," तो म्हणाला.

लुसियाने खालची ओळ गळ्यावर घेतली. तो दोन बोटांनी वरची वाजवू लागला. उडी आली तिथे हात उशिरा पोचला. मध्ये रिकामी जागा राहिली. लुसिया थांबली नाही. तोही थांबला नाही. ओळ संपली तेव्हा दोघंही कागदाकडेच बघत होते. सूर फार थोडे होते. पण वळणं मोआलाचीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी लिहून लुसियाला दाखवली. 'माझी ओळ बसली. तुझीही वाचली. ये.'

"बोटांचं काहीच लिहिलं नाहीस?"

"त्याने लिहिलंय की. मी वाचलं, एवढंच कळवलं."

"आणि एवढं कळूनही नाही आला तर?"

फेलेतीने गिटार मांडीवर घेतली, दोन बोटं दुमडली आणि वरची ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. त्या उडीपाशी हात अजून उशिरा पोचत होता.