ज्वारी, हरभरा आणि बोर

परभणीच्या दवाखान्यात मी रुजू झाले, त्या पहिल्या सकाळी डॉ. दिगंबरराव सर एका आजोबांची तोंडी परीक्षा घेत होते. टेबलावर ज्वारीचा दाणा, हरभरा आणि सुकलेलं बोर मांडलेलं. ज्वारीएवढा मुतखडा बहुधा पाणी आणि औषधांवर आपोआप पडतो. हरभऱ्याएवढा असला तर बाहेरून लहरींचा मारा करून किंवा लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून लेसरनं फोडता येतो. बोराएवढ्याला पाठीत लहानसं छिद्र पाडावं लागतं. एवढं समजावून झाल्यावर सर म्हणाले, "आता हेच तुम्ही मला सांगा." आजोबा अडखळले की पुन्हा ज्वारीपासून. बाहेर रांग फाटकापर्यंत गेलेली. मी नवी सर्जन, डोक्यात हवा गेलेली. मनात म्हटलं, हा दवाखाना आहे की शाळा!

सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त त्यांच्या शस्त्रक्रियांविषयी इतर लिहितीलच. मला त्यांनी न केलेल्या शस्त्रक्रियांचं कौतुक अधिक आहे. गंगाखेडचे एक बागायतदार 'गाडी करून आलो आणि नुसतं पाणी प्या म्हणता?' म्हणून रुसून निघाले होते. सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. दहा-बारा दिवसांनी ते गृहस्थ कागदाच्या पुडीत खडा आणि सोबत गुळाची ढेप घेऊन हजर झाले. खडा सरांनी तपासणीला पाठवला आणि गूळ आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

आता जे लिहिते आहे, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. झरीकडच्या गिरजाबाई, मेंढरं राखणाऱ्या, पोटात कळा येतात म्हणून आल्या होत्या. सोनोग्राफीत मूत्रवाहिनीत अडकलेला ज्वारीएवढा खडा दिसला. मी औषधं लिहून दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्या दाराशी पोचल्या, तेवढ्यात सरांनी त्यांना बसवून घेतलं, ज्वारी-हरभरा-बोराचा धडा समजावला आणि नेहमीसारखा तोच परत म्हणून दाखवायला सांगितला.

गिरजाबाईंनी धडा बिनचूक म्हटला. मग म्हणाल्या, "खडा बारका हाय, पाण्यानं पडंल. पण परवापासून हुडहुडी भरून लय ताप यायलाय. त्यो बी पाण्यानंच जाईल न्हवं?"

सर उठून उभेच राहिले. अडलेल्या लघवीत पू झाला, तर मूत्रपिंड जातं आणि प्रसंगी माणूसही. हे मला पाठ होतं, फक्त मी विचारलं नव्हतं. तासाभरात सरांनी आत नळी सरकवून तुंबलेली लघवी मोकळी केली. खडा नंतर, ताप पूर्ण उतरल्यावर, दुर्बिणीनं काढला. बाई वाचल्या.

नातेवाइकांसमोर सरांनी माझं नावही काढलं नाही. संध्याकाळी चहा मागवला आणि एवढंच म्हणाले, "सोनोग्राफीत खडा दिसतो, डॉक्टर. ताप दिसत नाही." मी तिथेच रडले. सरांनी चहा निवू दिला नाही आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. गिरजाबाई आता वस्तीवरच्या बायकांना घेऊन येतात आणि व्हरांड्यातच सगळा धडा म्हणून दाखवतात, तापासकट.

मागच्या उन्हाळ्यात सर स्वतःच कंबर दाबत माझ्यासमोर येऊन बसले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दुपारपर्यंत घोटभर पाणी पोटात नसतं त्यांच्या. त्यांनी सोनोग्राफीचा कागद पुढे सरकवला. मी तो उघडण्याआधी विचारलं, "सर, ताप? थंडी?"

सर हसले. "नाही. आता मी निवृत्त व्हायला मोकळा."

खडा ज्वारीएवढाच होता, पडला. सर मात्र अजून निवृत्त झालेले नाहीत, हे आमचं भाग्य. त्यांना उदंड आणि ठणठणीत आयुष्य लाभो, शंभरीच्या सोहळ्यातही मला लिहायला मिळो. तोवर एकच विनंती. सर, सकाळी उठल्यापासून भरपूर पाणी प्यायचं, तहान लागायची वाट पाहायची नाही. आता हेच तुम्ही मला सांगा.