आम्ही सुदामला देव केलं

आमच्या बीबी गावात मेहकरची एसटी आली, तर माझा धाकटा भाऊ सुदाम गाडीपुढे आडवा उभा. नवऱ्याच्या नोकरीपायी मी नागपूरला बिऱ्हाड करायला निघाले होते.

"बाई, बसू नको. आतले लोक तुह्यंच नाव घेऊन राह्यले."

आत चार माणसं, तीही पेंगत होती. पण ड्रायव्हरनं उतरून सुदामचे पाय धरले आणि माय म्हणाली, "आयकलं का वं? देव बोलला!"

गावात राहिलेल्यांना हे ठाऊकच आहे. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना सांगते. मी शाळा पाहिली नाही, सुदामच्याच पाटीवर अक्षरं गिरवली. असं हुशार पोरगं! सोळाव्या वर्षी मठातल्या बैराग्यांत बसून चिलीम ओढायला लागलं. दोन वर्षांत त्याच्या कानात आवाज यायला लागले, भाकरीत विष दिसायला लागलं. आम्ही म्हटलं, अंगात आलं. लोक नारळासोबत गांजाची पुडी ठेवू लागले. ओढली की तो जास्त बरळायचा, आणि बरळला की पुड्या वाढायच्या. मीही बिया निवडून चिलीम भरून दिली आहे. खोटं काऊन बोलू?

नागपुरात सुदामचं सांगितलं, तर शेजारच्या नर्सबाई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणी असं होतं का? होती ना, आत्या भिंतीशी बोलायची. डॉक्टर म्हणाले, गांजानं सगळ्यांचं असं होत नाही. पण कोवळं वय, घरात आजार आणि वर रोजची चिलीम, अशानं डोकं फिरतं. चिलीम तोडा, त्याला घेऊन या, औषध आहे.

दुसऱ्याच दिवशी गाव गाठलं. माय दारात आडवी. "देवाच्या माणसाले दवाखान्यात नेतं काय वं? शहरात जाऊन लई शायनी झाली!" सुदामनं मला ओळखलं नाही. त्याच्यापुढे बसलेल्या बाईनं उलट मलाच ढकललं, "सरक वं, माहा नंबर हाये."

चार वेळा गेले, चारही वेळा एकटी परतले. पाचव्यांदा निघायच्या आधीच निरोप आला. आवाजांनी बोलावलं म्हणे, आणि तो विहिरीत उतरला. गावानं त्याची समाधी बांधली.

आता माहेर म्हणजे त्या समाधीपुढची रांग. मी तिथं जाते, पण हात जोडत नाही. अशाच बरळणाऱ्या पोरांना घेऊन आलेल्या आयांना सांगत फिरते, "बाई, याले डॉक्टरकडे ने." लोक म्हणतात, म्हातारी येडी झाली.

सुदामला कोणी एकदा तरी येडा म्हणायला हवं होतं.